अर्धी गोळी

घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर मला अजून सगळे चावीवाला म्हणतात. पाणीखात्यातून सुटून बरीच वर्षं झाली, तरी. माझी चावी म्हणजे छातीपर्यंत येणारी लोखंडी कांब, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली व्हॉल्वला बसवायची आणि फेरे मोजत फिरवायची. कुठल्या गल्लीला किती फेरे, किती वाजता, हे मी कधी लिहून ठेवलं नाही. मी तिसरी पास आहे, लिहिता येतं. गरज पडली नाही एवढंच.

टेकडीला पाणी चढवायचं तर एक गोष्ट पक्की लागते. व्हॉल्व एकदम उघडायचा नाही. उघडला की खालच्या चाळी पंप लावून सगळं ओढून घेतात आणि वरच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. थोडं सोडायचं, थांबायचं, राखून ठेवायचं, मग वरच्यांना द्यायचं. लोकांनी मला रस्त्यात अडवलंय, आईबहिणीवरून बोललेत, एकदा कॉलर धरली. मी फेरा वाढवला नाही.

माझं घर टेकडीच्या पार वरच्या गल्लीत. माझ्या गल्लीलाही मी मिनिटभर जास्त कधी सोडलं नाही. नळावर बायका माझ्या बायकोला म्हणायच्या, "चावीवाल्याची बायको, आणि हंडा अर्धा!" ती त्यांना तिथं काही बोलायची नाही. घरी येऊन मला बोलायची. हंडा दाणकन ठेवायची आणि सुरू. "अख्ख्या घाटकोपरला पाणी पाजतात आणि बायकोला म्हणतात, थुंकी गीळ."

फटकळ बाई. मुंबईत आली तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, हे आता कुणाला खरं वाटणार नाही. माझा चहा, माझं घोरणं, माझा सदरा, माझं चालणं, कशातून मला सुटका नव्हती. मी कधी उलट बोललो नाही. कामावर दिवसभर ऐकून घ्यायची सवय होती, घरी आणखी थोडं.

तिच्या पोटातला कॅन्सर हाडात उतरला तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लेकीला आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, आता ऑपरेशन नाही, केमो नाही. घरी न्या. त्यांना दुखणार नाही एवढं बघायचं, तेच आता औषध.

लेक कांदिवलीला राहते, ऑफिसात काम करते. तिच्या विम्यात आम्हा दोघांची नावं होती. तिनं फोन करकरून विचारलं. पेशंट दवाखान्यात खाटेवर झोपला तर विमा लागू, घरच्या खाटेवर झोपला तर नाही.

"म्हणजे घरी दुखत नाही, असं त्यांचं म्हणणं," माझी बायको म्हणाली.

मग लेकीनं एक संस्था शोधली. अशा पेशंटला घरी येऊन बघतात, नर्स पाठवतात, गोळ्या देतात, खाटसुद्धा देतात, आणि काही घेत नाहीत. मी म्हटलं, "धर्माचं नको मला. मी हात पसरलेला नाही कधी."

"हात तुमचा नाही पसरायचा, बाबा," लेक म्हणाली. "आईला दुखतंय."

"त्यांना नको असेल तर राहू दे गं," बायको म्हणाली. "हेच होतील नर्स. टोपी शिवून दे पांढरी."

मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे हो.

सिस्टर आली ती पायात बूट, पाठीवर सॅक अशी. नाशिककडची, पस्तिशीची. आमच्या पायऱ्या चढून भल्याभल्यांची छाती फुटते. ती दारात उभी राहून धापा टाकत हसत होती. मी चहा टाकला. ती म्हणाली, "चहा नको आजोबा, आम्हाला पेशंटच्या घरचं काही घ्यायचं नसतं."

"मग उद्यापासून येऊ नको."

"पाणी चालेल," ती म्हणाली.

मी तांब्या दिला. तिनं गटागट सगळा प्यायला आणि म्हणाली, "गोड आहे हो पाणी." तिथं मी तिला मानली. माझी बायको खाटेवरून म्हणाली, "झालं. आता जाईपर्यंत तुला पाण्याची माहिती सांगतील."

माझ्याकडं तेव्हापासून एकच काम होतं. तिला दुखू द्यायचं नाही. लेक शनिवार-रविवारी यायची, सिस्टर आठवड्यातून एकदा. बाकीचे सगळे दिवस, सगळे तास माझे. अंघोळ घालायला एक बाई ठेवू असं लेक म्हणाली, मी नाही म्हटलं. कूस बदलणं, पुसून काढणं, वेणी घालणं, सगळं मी शिकलो. वेणी वाकडी व्हायची. ती आरशात बघून म्हणायची, "ही वेणी आहे का सुंभ?"

गोळी मॉर्फिनची. दर चार तासांनी एक, दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणं. सिस्टरनं मला एक कागद दिला. त्यावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र असली चित्रं होती. मला राग आला. "पोरी, मी शिकलेला माणूस आहे. बालवाडीची चित्रं मला नको." तो कागद मी घडी घालून उशीखाली ठेवला. सहा, दहा, दोन, पुन्हा सहा, दहा, दोन. यात लिहायचं काय? तीस वर्षं मी याच वेळांना झाकणं उचलली होती.

सिस्टर म्हणाली, "काही विचारायचं असेल तर विचारा हं."

विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं की आपल्याला कळत नाही हे समोरच्याला कळतं, आणि तेवढं मला कधी जमलं नाही.

झालं असं की दवाखान्यातून निघताना, स्ट्रेचर ढकलणारा एक माणूस मला बोलता बोलता म्हणाला होता, "काका, मॉर्फिन म्हणजे शेवटचं. त्याच्यावर काही नाही." ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. शेवटचं म्हणजे याच्या पुढं टाकी नाही. आज दुखतंय एवढं, पुढं तर याहून जास्त दुखणार, डॉक्टर स्वतःच म्हणाले होते. आजच सगळा जोर सोडून दिला तर त्या दिवशी काय सोडणार? शरीराला सवय लागली, गोळी लागू पडेनाशी झाली, तर वरच्या गल्लीत हवा फुसफुसणार. हे मला कुणी शिकवलं नाही. हे माझ्या हातातच होतं.

मी सुरीनं गोळीचे दोन तुकडे करायला लागलो. अर्धा तिला, अर्धा एका डबीत. नळाचे वायसर आणि खिळे ठेवायची माझी जुनी पत्र्याची डबी होती. सिस्टर दर वेळी येऊन उरलेल्या गोळ्या मोजायची, तसा नियमच असतो या औषधाचा. पाकिटातल्या गोळ्या बरोबर भरायच्या. डबीतल्या ती मोजत नव्हती.

पहिले दोन-तीन दिवस बायको कण्हली. मग शांत झाली. खरंच शांत. चहा पाणचट झाला तरी प्यायची. वेणी वाकडी झाली तरी बघायची नाही. मी म्हणायचो, "दुखतं का गं?" ती म्हणायची, "बरं आहे." इतक्या गोड आवाजात की मला वाटलं, चला, अर्ध्यात भागतंय. माझा अंदाज बरोबर निघाला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली. लेकीला फोनवर सांगितलं, तुझी आई आता बोलत नाही टाकून, आजारानं नरम झाली. लेकीनं 'बरं' म्हणून फोन ठेवला. तिला ते बरं वाटलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

सिस्टर विचारायची, "आजी, दहापैकी किती दुखतं?" बायको म्हणायची, "त्यांना विचार. तेच बघतात सगळं." मी म्हणायचो, दोन. कधी तीन.

असा महिना गेला.

मग एका सकाळी सिस्टर आली, पाणी प्यायली, बीपी बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "संडासला होते का नीट?"

"एकदम," मी म्हटलं. "घड्याळ लावून घ्यावं असं. तू दिलेलं ते रेचक तर उघडलंसुद्धा नाही."

मला वाटलं शाबासकी देईल. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"आजोबा, ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला कुंथावं लागतं. प्रत्येकाला. आजी एकट्याच कशा सुटल्या?"

मी म्हटलं, "आमचं खाणं चांगलं आहे. भाजी-भाकरी."

तिनं चादर बाजूला केली. बायकोच्या पायांची बोटं आत वळलेली होती, घट्ट, मूठ आवळावी तशी. मी रोज ते पाय पुसत होतो. मला वाटलं होतं, म्हातारपणानं वळली असतील. सिस्टरनं तिचा हात हातात घेतला. पदराचं टोक त्या हातात होतं, पिळून पिळून त्याची दोरी झाली होती.

"गोळ्या पूर्ण देता ना, आजोबा?"

"पाकीट मोज," मी म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. "तुझ्यासमोर आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी भिंतीकडं. आणि खाटेवरून माझी बायको म्हणाली, "खिळ्यांच्या डबीत आहेत. द्या तिला."

मी उठून डबी आणली. झाकण उघडलं. वायसरच्या मधून पांढरे तुकडे. सिस्टरनं डबी घेतली, मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या खायची मला सवय होती.

मी बायकोला म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"सुरीचा आवाज येतो की. दोन हातांवर तर ओटा आहे."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर..."

तिनं श्वास गोळा केला. मग म्हणाली, "आपल्या गल्लीला जास्त सोडायचं नाही, हा तुमचा नियमच. मला वाटलं, तोच लावला असेल. काहीतरी राखत असाल पुढच्यासाठी. पाण्यात तुमचं कधी चुकलं नव्हतं."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

सिस्टर मागून आली, शेजारी बसली. खालच्या रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट चालला होता. ती म्हणाली, "आजोबा, हे औषध टाकीतलं नाही. आज दिलं म्हणून उद्या संपत नाही. दुखणं वाढलं की डॉक्टर गोळी वाढवतात, आणखी वाढलं की आणखी. राखायला काही लागत नाही."

"कुणी सांगितलं नाही मला."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मीही समजून घेतलं नाही. दोघांचं चुकलं." मग म्हणाली, "महिन्यातून एकदा मुलुंडला आमच्याकडं बैठक असते. पेशंटची नाही, त्यांना सांभाळणाऱ्यांची. या एकदा."

"रडणाऱ्यांच्या घोळक्यात मला काय काम?"

"बरं," ती म्हणाली आणि सॅक उचलली.

डॉक्टरांना फोन करून तिनं गोळी ठरवून दिली, रेचक समोर बसून पाजलं. पहिले दोन दिवस बायको नुसती झोपली. मी घाबरलो, सिस्टरला दिवसातून तीनदा फोन केला. ती म्हणायची, "महिनाभराची झोप आहे आजोबा, होऊ दे." मी खाटेजवळ बसून तिच्या पायांकडं बघायचो. बोटं सरळ झाली होती. पसरलेली, सैल, लहान मुलाची असतात तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा आणला. तिनं उशीला टेकून एक घोट घेतला. कप बशीत ठेवला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा चहा आहे का गटारीचं पाणी?"

मी तसाच उभा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर म्हणते कशी, "आता रडून त्यात आणखी पाणी घालू नका."

तिथून तीन आठवडे आणि वर दोन दिवस. तेवढे मला मिळाले.

खाट तिनं दाराशी लावून घेतली. सकाळी गल्लीला पाणी यायचं तेव्हा बसती व्हायची आणि नळावरच्या बायकांवर देखरेख करायची. कुणी दोन कळश्या जास्त भरल्या की इथून ओरडायची. बायका मुद्दाम तिला डिवचायच्या, "मावशी, आज काकांना सांगा ना, फेरा वाढवा!" ती म्हणायची, "मला तीस वर्षांत वाढवून दिला नाही, तुम्हाला देतील!" आणि सगळ्या हसायच्या. मी आत भाकरी थापत असायचो. ते तिनंच शिकवलं, खाटेवरून, न उठता. "पाणी गरम घ्या. मळा, मळा, गोंजारू नका. ही भाकरी आहे का घाटकोपरचा नकाशा?" तिला सुकट खावीशी वाटली. डॉक्टर म्हणाले द्या. मी भाजली, सगळी गल्ली खोकली. तिनं चिमूटभर खाल्ली आणि म्हणाली, "करपवली. आणखी द्या."

एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होतो. पूर्वी ती लावू द्यायची नाही, नवऱ्यानं पायाला हात लावायचा नसतो म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "लावा, सगळं उलटंच चाललंय." मग बराच वेळ काही बोलली नाही. मी घाबरून विचारलं, "दुखतंय?" आता तिच्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची.

"नाही," ती म्हणाली. "बरं वाटतंय म्हणून गप्प आहे. एवढंही कळत नाही का?"

दोन्ही गप्प बसणी मला सारखीच दिसत होती. आजही मला त्याचं नवल वाटतं. फेऱ्याच्या नुसत्या अंदाजानं कुठल्या घरात किती पाणी पडतंय ते मी सांगायचो.

पुढं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, पुन्हा वाढवली. सिस्टर म्हणाली होती तसंच झालं, काही कमी पडलं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी बायको जागी होती. नळाला पाणी आलं, हंड्यांचा आवाज झाला. तिनं विचारलं, "वरपर्यंत आलं?" मी म्हटलं, आलं. दुपारी गेली. घरात, आपल्या खाटेवर, पाय सरळ. लेक उशाशी होती, मी पायाशी.

तेराव्यानंतर सिस्टर आली, उरलेल्या गोळ्या परत न्यायला. तिनं मोजल्या, मी सही केली. खाटही गेली. दोन माणसं पायऱ्यांवरून तिरकी करून उतरवत होती आणि मी वरून सांगत होतो, डावीकडं, डावीकडं घ्या. सिस्टर म्हणाली, "आजोबा, तुम्ही कसे आहात?"

"मला काय झालंय?"

"काही झालं नाही, तरी सांगा."

मी म्हटलं, "तो महिना." एवढंच. तिला कळलं. तीन आठवडे आणि दोन दिवस मिळाले, त्यात तो महिना मिळाला असता. एवढ्या दिवसांत ती मला किती बोलली असती. भाकरी तिनं गोल करायला लावली असती. ते दिवस घरात होते, डबीत, आणि मी झाकण लावून ठेवलं.

पुढच्या महिन्यात मी मुलुंडला गेलो. कुणाला सांगितलं नाही, लेकीलाही. खोलीत आठ-दहा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. कोण सुनेबद्दल बोललं, कोण आईबद्दल. मी हाताची घडी घालून बसलो होतो. मग भांडुपचा एक माणूस, माझ्याहून थोडा लहान, इस्त्रीचा शर्ट घातलेला, म्हणाला, "आमच्याकडं तसा त्रास नाही. मिसेस शांत पडून असते. काही तक्रार नाही. गोळीसुद्धा मी जरा बेतानंच देतो, सवय नको लागायला."

मी उभा राहिलो.

"आधी बोलायची का तुम्हाला?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"टाकून. चहावरून, कपड्यांवरून. बोलायची का?"

तो जरा हसला. "फार. कान किटायचे."

"आता बोलत नाही?"

"नाही."

"घरी जा," मी म्हटलं. "पायांची बोटं बघा. आणि गोळी पूर्ण द्या. मी अर्धी दिली होती."

 हे वाक्य मी लेकीसमोरही बोललो नव्हतो. तो माणूस माझ्याकडं रागानं बघत होता. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला, तो उठला, चप्पल घातली आणि बैठक संपायच्या आधीच निघून गेला.

त्याच्या पुढच्या बैठकीला तो आला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि कुजबुजला, "काल मला म्हणाली, तुझं डोकं आहे का खोकं." त्याचे डोळे भरले होते. मला इतका आनंद झाला आणि लगेच इतका मत्सर वाटला, की मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

घरी आता दाराशी जिथं खाट होती तिथं मी खुर्ची टाकतो. सकाळी पाणी येतं, बायका भरतात, माझ्याशी आदरानं बोलतात. चहा मी तिनं सांगितला तसाच करतो, आलं ठेचून, दोनदा उकळून. तरी पाणचट होतो. पहिला घोट घेतो, कप बशीत ठेवतो, आणि थोडा वेळ थांबतो.